द्राक्षाला जे मिळतं ते मेथीला का नाही?

सेंद्रिय चांगलं की रासायनिक, यावर आपल्याकडे जेवढे वाद होतात त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी लोकांनी हे विचारायला हवं होतं की बाबा, आपण जे खातोय ते आजवर कोणी तपासलंय का. नाशिकमध्ये राहून हा प्रश्न पडत नाही याचं तर मला फारच नवल वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यात एक पीक असं आहे की युरोपला जाणारा त्याचा प्रत्येक प्लॉट लॅबमधून पास होतो आणि मगच माल कंटेनरमध्ये चढतो, आणि त्याच प्लॉटच्या बांधाला लागून असलेली कोथिंबीर मात्र कोणी न बघता न विचारता रात्रीच्या गाडीने वाशीला, नाहीतर आपल्या पंचवटीच्या मार्केटला. द्राक्ष खाणार नेदरलँड्सचा माणूस, कोथिंबीर खाणार आपण. सेंद्रियवाल्यांशी माझं भांडण नाहीये, पण ते 'सेंद्रिय'ची जी पाटी मागतायत त्याच्या आधी ही तपासणी मागायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी द्राक्षाचं सांगतो, कारण तिथे काय झालं ते शहरातल्या नाशिककरांनाही नीट माहीत नसतं. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले, बोंबाबोंब झाली, आणि त्यातून पुढे अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ग्रेपनेट नावाची प्लॉटच्या नोंदणीची आणि तपासणीची सिस्टीम उभी केली जी २००६ पासून चालू आहे. तरी २०१० ला परत दणका बसलाच. त्या वेळी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे कीटकनाशकही नाही, वाढ रोखायचं औषध आहे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि काडीत घड चांगला तयार व्हावा म्हणून मारतात, आणि ते काडीत बराच काळ टिकून राहतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं, त्यामुळे इकडे पास झालेले कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले. निफाड-दिंडोरीत त्या एका सीझनने कित्येक घरं मागे गेली. पण त्यानंतर काय झालं हे बघा, कोणी असं म्हटलं नाही की चला आता सगळे सेंद्रिय करू. यादी वाढवली, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राने कुठलं औषध मारायचं, कुठलं नाही, कधी थांबवायचं हे छापून दिलं, लॅबची मशिनरी सुधारली, आणि द्राक्ष परत जायला लागली. पैसा होता म्हणून झालं हे खरंय, पण झालं.

निफाड तालुक्यात आमच्या मामांचा प्लॉट आहे, तिथे मी सॅम्पल घेताना बघितलंय. लॅबचा माणूस येतो, आणि मामांनी तोडून दिलेले घड तो घेत नाही, स्वतः ओळीओळीतून फिरतो, इकडच्या कडेचा वेल, मधला वेल, वरचा घड, खालचा, उन्हाकडचा, पानांत लपलेला, असं थोडं थोडं घेत पिशवी भरतो, सील करतो, त्यावर प्लॉटचा नोंदणी नंबर टाकतो. मामांची फवारणीची वही असते, तारीख, औषध, किती मारलं, भुरी रोगासाठी की डाऊनी रोगासाठी, सगळं लिहिलेलं. मग रिपोर्ट येईपर्यंत मामांची अवस्था दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीसारखी. ज्या औषधाला युरोपची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं, म्हणजे एक टन द्राक्षांत दहा मिलिग्रॅम, एवढं बारीक पकडणारी मशीन आहेत ती. पुढे पेटीवरच्या कोडवरून कुठल्या गावातल्या कुठल्या प्लॉटचा माल ते तिकडच्या माणसाला सांगता येतं. मी मामांना विचारलं, मामा घरी खायला कुठली ठेवता? तर म्हणे, "अरे तीच, रिपोर्ट आलेली. तुमच्याकडं शहरात जी जाते तिचा रिपोर्ट कोण मागतंय?"

खरंच कोण मागतंय? मी मागितलेला नाही, तुम्हीही नसणार. आपण गाडीवाल्याला विचारतो "गोड आहे ना?" आणि एक मणी तोंडात टाकतो, न धुता.

आता भाजीकडे या, कारण खरी भानगड तिथे आहे. टोमॅटो, भेंडी, वांगी, काकडी, कारली, ढोबळी ही सगळी तोड्याची पिकं. द्राक्षाचं बरं असतं, माल एकदाच काढायचा असतो, त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यात पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवता येतं, मनात आणलं तर महिन्याचंही. भेंडीचा तोडा एक-दोन दिवसाआड करावाच लागतो, नाही केला तर निबर होते आणि निबर भेंडी फुकटही कोणी घेत नाही. आता औषधाच्या बाटलीवर लिहिलंय की मारल्यावर सात दिवस काढणी करू नका, याला शेतकरी पीएचआय म्हणतात, आणि अळी तर आजच पडलीये. शेतकऱ्याने काय करायचं? सात दिवस थांबला तर तीन तोडे गेले. म्हणून संध्याकाळी तोडा झाला की फवारा, परवा सकाळी परत तोडा, आणि ती भेंडी दुपारपर्यंत तुमच्या कढईत. हे कोणी दुष्टपणाने करत नाहीये, पिकाचा हिशोबच तसा आहे, आणि शहरातले लोक जेव्हा "शेतकरी विष खायला घालतात" असं लिहितात ना तेव्हा मला संताप येतो, कारण कीड लागलेलं एक वांगं दिसलं तर हेच लोक ते बाजूला सारतात आणि चकचकीत वांगं उचलतात. थोड्या दिवसांत निघून जाणारी नवीन औषधं बाजारात आहेत, नाही असं नाही, पण ती महाग आहेत, आणि गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारात क्रेट पडेल भावाने दिल्यावर महागाचं औषध कोण आणि कशाला आणणार.

पालेभाजीचं तर आणखी वेगळंच. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू ही महिना-सव्वा महिन्याची पिकं, आणि ज्या पानावर फवारा पडतो तेच पान आपण खातो, साल काढायची सोय नाही. शिवाय आपल्याकडे प्रत्येक औषधाची नोंदणी पिकानुसार होते, त्याला लेबल क्लेम म्हणतात, म्हणजे अमुक औषध कापसावर चालेल, भातावर चालेल, टोमॅटोवर चालेल असं ठरलेलं असतं. कंपन्या मोठ्या पिकांसाठी नोंदणी करतात कारण खप तिथे आहे. शेपूसाठी कोण नोंदणी करणार? त्यामुळे या बारक्या पालेभाज्यांसाठी लेबल क्लेम असलेली औषधं अगदीच थोडी, आणि मावा काही लेबल वाचून येत नाही. मग शेतकरी पान खुडून खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जातो, दुकानदार पान बघतो आणि दोन बाटल्या काढून देतो, त्याही उधारीवर, माल गेला की पैसे. डॉक्टर तोच, मेडिकलवाला तोच, सावकारही तोच. अशा ठिकाणी "सध्या मारू नका, आपोआप जाईल" असा सल्ला मिळेल अशी अपेक्षा करणं म्हणजे अतीच झालं. कृषी सहायक नावाचा माणूस असतो पण त्याच्याकडे एवढी गावं आणि एवढे पंचनामे आणि एवढी पोर्टलं असतात की त्याची भेट होणं हाच योग.

आता घाबरवणाऱ्या फॉरवर्डवाल्यांसाठी एक आकडा. केंद्राच्या कृषी मंत्रालयाची देशभर बाजारातले नमुने घेऊन अंश तपासायची एक योजना २००५-०६ पासून आहे. तिच्या २०१४-१५ च्या तपासणीत २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, आणि मर्यादेच्या वर होते ते २.६ टक्के. म्हणजे "सगळं विष आहे" हे साफ खोटं. पण त्याच तपासणीत साधारण १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली औषधं सापडली, आणि वर जे लेबल क्लेमचं सांगितलं त्यानंतर यात आश्चर्य वाटण्यासारखं काही राहत नाही. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला भाजीपाल्यावर २००५ मध्येच बंदी आली, पण बाटली दुकानातून बाहेर पडल्यावर ती कापसावर गेली की कोबीवर हे बघायला कोण उभं होतं? माझा मुद्दा असा की ही देशाची सरासरी झाली, मला माझ्या बाजारातल्या कालच्या भेंडीचं काय ते सांगा. ते मात्र कोणी सांगत नाही.

बरं, मग सेंद्रिय घ्या की, असं लोक म्हणतात. घ्या, पण काय घेताय ते समजून घ्या. आपल्याकडे अधिकृत रस्ते दोन, एक एनपीओपी, जे बाहेरच्या एजन्सीकडून प्रमाणपत्र देतं आणि मुळात एक्स्पोर्टसाठी २००१ मध्ये सुरू झालं, आणि दुसरं पीजीएस, ज्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं बघून हमी देतात. पॅकबंद माल असेल तर त्यावर यातल्या कुठल्यातरी एकाची खूण आणि शिवाय 'जैविक भारत'चा लोगो पाहिजे, हा नियम २०१७ चा आहे. छोट्या शेतकऱ्याला, वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल आणि तो थेट ग्राहकाला विकत असेल तर, प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त त्याने लोगो लावायचा नाही. ही सूट योग्यच आहे, गरीब माणसाने प्रमाणपत्राची फी कुठून भरायची. पण कॉलेज रोडला खडूने 'सेंद्रिय, विषमुक्त' लिहिलेल्या पाटीमागचा गाडीवाला शेतकरी नसतो ना, तो पहाटे पंचवटीत लिलावातनं माल उचललेला व्यापारी असतो. मी एकाला विचारलं कुठल्या शेतातली आहे, तर म्हणाला "साहेब, मखमलाबादची आहे, एकदम ऑरगॅनिक," आणि किलोमागे वीस रुपये जास्त. असेलही मखमलाबादची. पण आधी मखमलाबाद म्हणजे सर्टिफिकेट आहे का?

आणि जो शेतकरी मनापासून सेंद्रिय करतो त्याचे हाल निराळे. मोठा सलग प्लॉट असेल तर ठीक, पण आपल्याकडे एक-दीड एकराचे तुकडे, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि द्राक्षात ट्रॅक्टरचा ब्लोअर चालतो तेव्हा औषधाचा धुरळा काही सातबारा बघून थांबत नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या नियमात कडेला संरक्षक पट्टा सोडावा लागतो. दीड एकरात पट्टा सोडायचा तर राहतं काय? शिवाय रूपांतराची वर्षं, हंगामी पिकांना दोन, फळबागेला तीन, त्या काळात उत्पन्न घसरतं आणि माल मात्र साध्याच भावाने जातो. सरकारने २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना आणली, पन्नास एकरांचे गट, तीन वर्षं अनुदान, सगळं व्यवस्थित. चौथ्या वर्षी माल कुठे विकायचा हे त्या योजनेत कोणी नीट सोडवलेलंच नव्हतं असं अनेक गटांकडून ऐकायला मिळतं, आणि मग फाइलमध्ये गट सेंद्रिय राहतो आणि शेतात युरिया येतो. येणारच. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते कारण बाकीचा भार सरकार उचलतं, आणि शेणखताची ट्रॉली घ्यायला जा, काही हजार मोजावे लागतात, त्यावर एक रुपया सबसिडी नाही. एका हाताने युरिया स्वस्त ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने सेंद्रियचे मेळावे घ्यायचे, काय राव.

आणखी एक गोष्ट जी सेंद्रियचे भक्त सांगत नाहीत. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असं अजिबात नाही. बोर्डो मिश्रण सेंद्रियमध्ये चालतं, मोरचूद आणि चुना, द्राक्षावरचा फार जुना उपाय. गंधकही चालतं. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं, म्हणून युरोपात त्याला हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातलीये. म्हणजे 'नैसर्गिक' असलं की निर्धोक हा सरळ हिशोब लागत नाही. दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा, चिकट सापळे, कामगंध सापळे, हे सगळं कामाचं आहे, मामाही वापरतात, पण ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा, म्हणजे नुकती फुटलेली कोवळी फूट, असताना सलग चार दिवस अवकाळी पाऊस पडला आणि डाऊनी आला की मग निंबोळी अर्कावर बसून राहायची हिंमत ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नाही त्यालाच परवडते.

पोषणाचं काय? सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वं दुप्पट असतात वगैरे सर्रास सांगितलं जातं. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१२ मध्ये २३७ अभ्यास एकत्र करून बघितले, पोषणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, औषधांचे अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी वेळा सापडले. २०१४ मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या गटाने ३४३ अभ्यास घेतले, त्यांना सेंद्रियमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं, आणि साध्या पिकांत अंश सापडायचं प्रमाण साधारण चौपट. दोन्हींचं भांडण पोषणावर आहे, अंशांवर दोघांचं एकमत. म्हणजे सेंद्रियचा जो फायदा ठोस आहे तो औषध कमी असण्याचा आहे, आणि औषध कमी आहे की नाही हे पाटी वाचून कळत नाही, मशीनमध्ये घातल्यावर कळतं. मी फिरून फिरून तिथेच येतोय, पण विषय तिथेच आहे.

"आजोबांच्या काळात कसं सकस अन्न होतं" याचं पण मला हसू येतं. कुठल्या आजोबांच्या? १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेली माणसं अजून आपल्या घरात आहेत, त्यांना विचारा सकस होतं का. आणि ज्या साठ-सत्तरच्या दशकांना आपण पवित्र मानतो त्यात डीडीटी आणि बीएचसीची पावडर शेतात हाताने धुरळायचे, तोंडाला फडकंसुद्धा नसायचं. डीडीटी शेतीतून १९८९ ला गेलं, बीएचसी १९९७ ला. त्या मानाने आजची बरीचशी औषधं कमी जहाल आहेत, हे सेंद्रियवाल्यांना आवडत नाही पण आहे.

मग सेंद्रिय हवंय की नको? हवंय, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं कारण खाणारा नाहीच, फवारणारा आहे. आपल्या ताटात येतो तो मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा, आणि ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्या अंगावर आख्खा फवारा. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ते कुठल्या सर्व्हेत खाणारे म्हणून मोजले गेले नव्हते. आपल्याकडे द्राक्षात छाटणीला, डिपिंगला, विरळणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, बायका दिवसभर जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकाच्या, पाण्यात घड बुडवतात, शेजारच्या ओळीत ब्लोअर चालू असतो. हातमोजे बघितलेत कधी? मी फार कमी बघितलेत. औषध कमी लागणारी शेती वाढली तर पहिला फायदा त्यांचा आहे आणि दुसरा मातीचा, तिसरा आपला. पण सेंद्रियच्या जाहिरातीत गोऱ्या बाळाचा फोटो असतो, सुरगाण्याच्या बाईचा नाही.

गंमत म्हणजे त्याच पेठ, सुरगाणा, हरसूल भागात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर जी नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई होते ती बहुतेक वेळा कुठलंही औषध न बघितलेली असते, कारण परवडतच नाही. पावसाळ्यात तिकडच्या बायका रानभाज्या घेऊन नाशिकला येतात, फुटपाथवर पोतं पसरून बसतात, त्यांच्याकडे पाटी नसते आणि लोगो तर नसतोच, आणि आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून पुढे जातो आणि मॉलमध्ये प्लास्टिकच्या डबीतली ऑरगॅनिक नाचणी तिप्पट भावाने घेतो. यावर मी आणखी बोलत नाही.

सगळा देश एका झटक्यात सेंद्रिय करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे बघावं, २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली, भात आणि चहा दोन्ही कोसळले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माघार. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं, चांगलं काम आहे, पण तिथलं बरंचसं धान्य आणि भाजी आजही खालून सिलिगुडीकडून येते. नाशिकची भाजी मुंबई खाते. मुंबईला सिक्कीमसारखं खालून पुरवायला कोण नाहीये.

घरी काय करता येईल असं बायका विचारतात (पुरुष विचारत नाहीत, ते फॉरवर्ड करतात). वाहत्या पाण्यात चोळून धुवा, खायचा सोडा पाण्यात घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर करून बघितलंय, सालीवरचं औषध बऱ्यापैकी जातं. आत झिरपलेलं जात नाही. म्हणजे आंतरप्रवाही औषध, जे झाडच शोषून घेतं, त्याला तुमचा सोडा, मीठ, हळद, व्हिनेगर, ते ओझोनचं मशीन, कशाचाही फार उपयोग नाही. ते शेतातच थांबवायला लागतं.

आणि ते थांबवता येतं हे द्राक्षाने दाखवलंय. भाजीला प्रत्येक प्लॉटची तपासणी शक्य नाही, मान्य, मेथीच्या दहा गुंठ्यांसाठी काही हजारांची टेस्ट कोण करेल आणि रिपोर्ट येईपर्यंत मेथी पिवळी पडेल. पण बाजारात रोज काही ढीग उचलून तपासणं शक्य आहे. केरळात कृषी विद्यापीठाची वेल्लायणीची लॅब बाजारातल्या भाज्यांचे नमुने घेते आणि कुठल्या भाजीत काय सापडलं ते जाहीर करते, ऑरगॅनिक म्हणून विकला जाणारा मालही त्यात असतो. तैवानमध्ये घाऊक बाजारात पटकन होणारी एक टेस्ट वापरतात, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली जहाल औषधं तिच्यात पकडली जातात, बाकीची नाही, पण सुरुवात तर होते. आपल्या जिल्ह्यात तर द्राक्षामुळे सॅम्पल घेणारी माणसं तयार आहेत, फवारणीची वही ठेवायची सवय झालेले हजारो शेतकरी आहेत. हे देशात किती ठिकाणी आहे?

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे याने शेतकरीच मरेल, आधीच भाव नाही, त्यात फेलचा शिक्का. हा आक्षेप मी हलका घेत नाही, कारण एखाद्या गावाचं नाव पेपरात आलं की त्या गावाचा सगळा माल पडतो, हे टोमॅटोच्या व्हायरसच्या वेळी २०२० मध्ये बघून झालंय, माणसाला त्या व्हायरसने काही होत नसताना चॅनलवाल्यांनी टोमॅटो पाडला. म्हणून निकाल गावाच्या किंवा माणसाच्या नावाने लावूच नका. भाजीच्या आणि औषधाच्या नावाने लावा, या आठवड्यात भेंडीच्या इतक्या नमुन्यांत अमुक औषध मर्यादेच्या वर. शेतकऱ्याला ते खासगीत कळवा, पहिल्या वेळेला दंड नको, कृषी सहायक पाठवा, त्याच्याबरोबर कामगंध सापळे पाठवा, आणि कुठल्या दुकानातून बाटली आली ते विचारा, कारण तिथे परवाना आहे आणि परवान्यावर कारवाई करता येते. शेपू-मेथीसाठी लेबल क्लेमची चाचणी कंपन्या करत नसतील तर कृषी विद्यापीठांनी सरकारी खर्चाने करावी, ही मागणी द्राक्षवाल्यांच्या संघासारखी ताकद असलेल्या भाजीवाल्यांच्या संघाने करायला हवी, पण भाजीवाल्यांचा तसा संघच नाही.

पैशाचं म्हणाल तर २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पार्किंग यावर हजारो कोटींच्या गोष्टी चालल्यात, लाखो माणसं इथे येऊन इथलीच भाजी खाणार आहेत. त्यात भाजीपाल्याच्या एका लॅबचा खर्च दिसणारसुद्धा नाही. २०१६ पासून फळं-भाजी नियमनमुक्त असल्यामुळे बराच माल बाजार समितीच्या बाहेरच विकला जातो, तेव्हा नमुने फक्त यार्डात घेऊन चालायचं नाही, गंगापूर रोडच्या गाड्यांवरून, मॉलच्या शेल्फवरून, आणि त्या खडूच्या पाटीखालूनही घ्यावे लागतील. सुरुवात पाच भाज्यांपासून करा, भेंडी, टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर, आणि मार्केट यार्डाच्या गेटवर जिथे रोजचे भाव लिहितात त्याच्याच खाली आठवड्याचा निकाल लिहा, मराठीत, औषधाचं नाव दुकानात ज्या नावाने मिळतं त्याच नावाने.